सुई कुठे फिरते, त्यावर कॅम ठरतो

गेल्या महिन्यात भाचा डोंबिवलीहून मुलुंडला आला, पण वर न येता खालूनच फोन केला. "मामा, पाच मिनिटं खाली ये ना." खाली सेकंडहँड हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकल उभी होती. १०३ क्युबिक इंचाचं ट्विन कॅम इंजिन, म्हणजे १६९० सीसी. एअर फिल्टर आणि सायलेन्सर आधीच्या मालकानेच बदललेले. भाच्याला आता कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडमिट करणारे दांडे, बदलायचे होते. मोबाइलवर तीन कॅमचे आलेख काढून ठेवले होते आणि त्यातला ज्याचं टोक सगळ्यात उंच तो मनात पक्काही झाला होता. "हा सगळ्यात जास्त पॉवर देतो. पैसे घालायचेच तर मोठाच घालू ना, मामा?"

मी त्याला एवढंच विचारलं, "ऑफिसला जाताना तुझी आरपीएमची सुई कुठे असते?"

आरपीएम म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे मारतं तो आकडा. त्याला सांगता येईना. मलाही दहा वर्षांपूर्वी सांगता आलं नसतं, आणि त्यापायी मी चुकीचा कॅम बसवून दीड वर्ष गाडी चालवली. ती गोष्ट पुढे येईलच. आधी कॅम नेमका काय करतो ते बघू.

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचे, दोन फेरे झाले, म्हणजे ७२० अंश, की एक चक्र पुरं होतं: हवा-पेट्रोलचं मिश्रण आत ओढणं, दाबणं, पेटवणं आणि जळका धूर बाहेर टाकणं. तेवढ्या वेळात कॅमशाफ्ट एकच फेरा मारतो. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, त्यांना लोब म्हणतात. हार्लेसारख्या पुशरॉडवाल्या इंजिनात लोब टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरचं एक टोक वर ढकलतो आणि रॉकरचं दुसरं टोक व्हॉल्व्हला खाली दाबतं. व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उघडायचा आणि कधी मिटायचा, हे सगळं त्या लोबच्या घाटात कोरलेलं असतं.

पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, दर क्षणाला बदलू शकतो. कॅमचं तसं नाही. सिग्नलला हजार आरपीएमवर धुगधुगणाऱ्या इंजिनाला आणि घाटात साडेचार हजारांवर ओरडणाऱ्या इंजिनाला एकाच आकाराच्या लोबवर भागवावं लागतं. त्यामुळे प्रत्येक कॅम ही तडजोड असते. कंपनीने केलेली तडजोड मोडून आपण आपली करतो, इतकंच. आपली करायची तर आपण गाडी कशी चालवतो हे आधी ठाऊक हवं.

इनलेट कधी मिटतो

कॅमच्या कागदावर पाच-सहा आकडे असतात. विक्रेते लिफ्ट आणि ड्युरेशनबद्दल बोलतात. मी मात्र सगळ्यात आधी एकच आकडा शोधतो: इनलेट, म्हणजे मिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह, कधी मिटतो.

वरवर पाहिलं तर पिस्टन खाली गेला, मिश्रण ओढलं, तळाला पोचला की व्हॉल्व्ह मिटला, असं व्हायला हवं. तसं होत नाही. पिस्टन तळाला, म्हणजे बीडीसीला, पोचून परत वर निघाला तरी इनलेट उघडाच ठेवतात. का, ते समजायला संध्याकाळी सहा वाजताचं दादर आठवा. फास्ट लोकलच्या दारातून लोक आत घुसताहेत. डबा भरला तरी मागचा रेटा थांबत नाही, त्या रेट्याने आणखी दहा जण आत जातात. वेगाने येणाऱ्या हवेचंही तेच. इंजिन जोरात फिरत असेल तर इनलेटच्या नळीतल्या हवेला इतका रेटा असतो की पिस्टन वर येऊ लागला तरी ती आत भरत राहते. दार थोडं उशिरा मिटलं तर फायदाच होतो.

आता तीच लोकल दुपारी अडीचला आठवा. मागे रेटा नाही. दार उघडं राहिलं आणि आतल्यांनी जरा ढकललं, तर दारातला माणूस फलाटावर येतो. कमी आरपीएमवर हवेचा रेटा नसतो. वर येणारा पिस्टन आत आलेलं मिश्रण उघड्या इनलेटमधून परत नळीत ढकलतो. सिलिंडर १६९० सीसीचे असले तरी भरतात कमी. थ्रॉटल पिळला तरी गाडी आळसावल्यासारखी निघते, आणि आपण म्हणतो, "पिकअप गेला."

म्हणजे इनलेट लवकर मिटणारा कॅम खालच्या आरपीएमला ताकद देतो आणि वर जाऊन दम टाकतो. उशिरा मिटणारा कॅम खाली मरगळतो आणि वर जाऊन फुलतो. बाकीचे आकडे या गोष्टीत थोडंफार इकडेतिकडे करतात, तिचं मूळ रूप बदलत नाहीत.

आता ड्युरेशन. व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो त्याचा तो आकडा. इनलेट वरच्या टोकाच्या, म्हणजे टीडीसीच्या, आधी १० अंश उघडला आणि बीडीसीनंतर ३० अंशांवर मिटला, तर १० + १८० + ३० = २२० अंश. दुसऱ्या कॅमचा इनलेट २० अंश आधी उघडतो आणि ५० अंशांवर मिटतो, तर २५० अंश. दुसरा 'मोठा' दिसतो, आणि आहेही. पण त्याच २५० अंशांच्या कॅमचं टायमिंग ४ अंश पुढे घेतलं, म्हणजे २४ ला उघडला आणि ४६ ला मिटला, तर ड्युरेशन तेवढंच राहून स्वभाव खालच्या आरपीएमकडे सरकतो. म्हणून नुसतं ड्युरेशन वाचून काही कळत नाही.

एक खबरदारी. हे अंश कुठून मोजलेत ते पाहा. व्हॉल्व्ह जेमतेम हलल्यापासून मोजले तर आकडा मोठा येतो. हार्लेच्या कॅममध्ये टॅपेट ०.०५३ इंच, म्हणजे साधारण १.३५ मिमी, उचलला गेल्यापासून मोजायची पद्धत आहे. बऱ्याच जपानी इंजिनांत १ मिमी धरतात. दोन कंपन्यांचे कॅम एकाच मापाने मोजले नसतील तर त्यांची तुलना करून उपयोग नाही. ०.०५३ इंचाच्या मापाने, मूळ कॉम्प्रेशनच्या (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ट्विन कॅम इंजिनात इनलेट बीडीसीनंतर ३०-३५ अंशांपर्यंत मिटत असेल तर तो कॅम खालच्या ताकदीचा. ४० च्या आसपास मधला. ४५ च्या पुढे गेलात तर कॅमसोबत कॉम्प्रेशनही वाढवायची तयारी ठेवा.

कॉम्प्रेशनशी त्याचं नातं

हे नातं लोक विसरतात, आणि पैसे वाया जातात ते इथेच.

माहितीपत्रकात कॉम्प्रेशन रेशो लिहिलेला असतो, समजा ९.५ला १. हा हिशोब पिस्टनच्या तळापासून टोकापर्यंतच्या पूर्ण प्रवासाचा. पण इनलेट उघडा असेपर्यंत काहीच दाबलं जात नाही. इनलेट मिटेपर्यंत पिस्टन स्ट्रोकचा दहावा भाग वर आलेला असेल, तर खरा दाबायला उरतो नऊ दशांश. ९.५ मधला १ म्हणजे पिस्टन टोकाला असताना उरणारी जागा, बाकी ८.५ पिस्टनच्या प्रवासाची. ८.५ गुणिले ०.९, अधिक १, म्हणजे ८.६५. आणि इनलेट इतका उशिरा मिटला की पिस्टन पाचवा भाग वर आला, तर ८.५ गुणिले ०.८, अधिक १, म्हणजे ७.८. इंजिन तेच, पिस्टन तेच, हेड तेच. फक्त कॅम बदलला, आणि इंजिन जणू ९.५ वरून साडेआठच्या आसपास रेशोच्या जुन्या गाडीसारखं वागायला लागलं.

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. माझी गाडी त्याआधीच्या ट्विन कॅम ९६ इंजिनाची, १५८४ सीसी, मूळ कॉम्प्रेशन ९.२. मला कॅम सुचवणाऱ्या गॅरेजने वरच्या टोकाचा आकडा दाखवला आणि मी हो म्हटलं. ना त्यांनी कॉम्प्रेशनबद्दल विचारलं, ना मी. गाडी साडेचार हजारांच्या पुढे खरोखर वेगळी पळायची, ते नाकारत नाही. पण ऐरोली पुलावर जाम लागलेला असताना दुसऱ्या गिअरवर, अठराशे-दोन हजारांवर, ती अशी जड व्हायची की हाफ क्लच धरून ओढावी लागायची. तीनशे किलोंच्या वरची गाडी, मागे बायको बसलेली, आणि प्रत्येक सिग्नलला क्लच जळतोय. कॉम्प्रेशन गेज लावलं तर दाब पूर्वीपेक्षा बराच कमी आला. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील म्हणून एका मिस्त्रीने हेड खोलायला सांगितलं. रिंगा उत्तम होत्या. कॅम होता.

उलटी चूकही होते. कॉम्प्रेशन वाढवलेल्या इंजिनात इनलेट फार लवकर मिटणारा कॅम घातला, तर दाब इतका चढतो की ओझं पडलं की इंजिन नॉक करायला लागतं, म्हणजे मिश्रणाचा काही भाग आपोआप भडकून ठोके बसतात. घाट चढताना टॉप गिअरमध्ये ती बारीक खणखण ऐकू आली तर थ्रॉटल सोडा आणि गिअर उतरवा. मुंबईत ही काळजी जास्त घ्यावी लागते. आपण समुद्रसपाटीला आहोत, इथे हवेचा दाब पूर्ण, आणि ऑक्टोबरच्या उन्हात जाममध्ये उभी असलेली एअर-कूल्ड गाडी, त्यातही तिचा मागचा सिलिंडर, आधीच भाजत असतो. नॉकिंगला जे जे लागतं ते सगळं इथे हजर असतं. पंपावरचं साधं पेट्रोल धरूनच हिशोब करा. दर वेळी जास्त ऑक्टेनचं, म्हणजे सहजी नॉक न करणारं, पेट्रोल मिळेल या भरवशावर इंजिन बांधू नका.

सुई कुठे असते

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. त्याला मी एक काम दिलं: तीन दिवस नेहमीसारखी गाडी चालव आणि सिग्नलला थांबलास की आधीच्या दहा मिनिटांत सुई कुठे कुठे होती ते आठवून मोबाइलवर बोलून ठेव. ज्यांच्या गाडीला आरपीएमचा काटा नाही त्यांनी गिअरचा हिशोब करावा. सहा गिअरच्या ट्विन कॅमचं एकूण गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे फेरे) टॉप गिअरमध्ये तीनच्या जरा खाली येतं आणि मागचं चाक एका फेऱ्यात जवळपास दोन मीटर जातं. म्हणजे ताशी १०० किमीला आरपीएम येतो चोवीसशेच्या आसपास.

हा आकडा परत वाचा. शंभराच्या वेगाला चोवीसशे. शीळफाट्यावर, घोडबंदर रोडला, वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर अंधेरी ते बोरिवली, तुम्ही शंभराने जाता कधी? भाच्याच्या तीन दिवसांच्या नोंदींत सुई बहुतेक वेळ पंधराशे ते सव्वीसशे या पट्ट्यात होती. रविवारी पहाटे जुन्या हायवेने लोणावळ्याला गेला, एक्सप्रेसवेवर बाइकला बंदीच आहे, तेव्हा खंडाळ्याच्या चढावर साडेतीन हजार. साडेचार हजारांच्या पुढे एकदाच, ट्रकला ओव्हरटेक करताना.

आणि त्याने निवडलेल्या कॅमचा आलेख सुरूच होत होता तीन हजारांपासून. तो जिथे गाडी चालवतो तो भाग कागदावर नव्हताच.

टॉर्क आणि पॉवर यांचं नातं इथे थोडं मांडतो, कारण 'पॉवर जास्त' या शब्दांनीच सगळे फसतात. टॉर्क म्हणजे इंजिनाचा पिळण्याचा जोर. किलोवॉटमध्ये पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ९५४९. ओळखीचं उदाहरण घेऊ. रॉयल एनफिल्ड मीटिओर ३५० चा कमाल टॉर्क ४००० आरपीएमला २७ न्यूटन-मीटर. हिशोब केला तर तिथे पॉवर येते ११.३ किलोवॉट, म्हणजे साधारण १५ बीएचपी. तिची कमाल पॉवर २०.२ बीएचपी आहे ६१०० ला. उलटा हिशोब केला तर तिथे टॉर्क उरलाय २३.६. म्हणजे जिथे पॉवर सगळ्यात जास्त, तिथे प्रत्येक ठोक्याचा जोर कमीच झालेला असतो. ठोके भराभर पडतात म्हणून आकडा मोठा दिसतो. टॉर्कचा उतार थोडा पुढे ढकलला की कमाल पॉवर वाढते. मोठा कॅम बहुतेक एवढंच करतो, आणि त्याची किंमत खालच्या टॉर्कने मोजतो. रेसच्या ट्रॅकवर हा सौदा फायद्याचा. भांडुपच्या सिग्नलवर तोट्याचा.

डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद कुणी दाखवला तर दोन गोष्टी विचारा. एक, आलेख दोन हजारांपासून आहे का. दोन, आकडे कुठल्या मानकाने दुरुस्त केलेत, एसएई की एसटीडी. एसटीडीमध्ये तेच इंजिन साधारण चार टक्के जास्त दाखवतं. एका कॅमचा आलेख एसटीडीवर आणि दुसऱ्याचा एसएईवर असेल तर शंभर बीएचपीला चार बीएचपीचा फरक नुसता कागदावर तयार होतो.

तो आवाज

भाच्याचं दुसरं कारण आवाज होतं, हे त्याने चहा पिताना कबूल केलं. मला त्यात काही गैर वाटत नाही. पण हार्लेचा तो अडखळता ठेका मुळात कॅममुळे येत नाही. दोन सिलिंडर ४५ अंशांच्या कोनात, दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर, त्यामुळे एक सिलिंडर पेटल्यावर दुसरा ३१५ अंशांनी पेटतो आणि मग पहिल्याची पाळी ४०५ अंशांनी येते. लहान अंतर, मोठं अंतर, लहान, मोठं. लंगडी घालणाऱ्या पोराच्या पावलांसारखा तो ताल क्रँकमधून येतो. मूळ कॅमवरही तो आहेच.

कॅम त्यात भर घालतो ती ओव्हरलॅपने. धूर बाहेर जाणं संपत असताना आणि नवं मिश्रण यायला लागत असताना काही अंश दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असतात, तो ओव्हरलॅप. इनलेट १० अंश आधी उघडला आणि एक्झॉस्ट टीडीसीनंतर १० अंशांवर मिटला तर २० अंश. वरच्या आरपीएमला हा काळ उपयोगी: बाहेर धावणारा धूर मागे पोकळी सोडतो आणि ती नव्या मिश्रणाला ओढून घेते. आयडलला मात्र धूर उलटा इनलेटमध्ये शिरतो, काही ताजं मिश्रण न जळताच सायलेन्सरमध्ये जातं, आणि इंजिन हेलकावे खातं. इनलेट आणि एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधला कोन, ज्याला लोब सेपरेशन म्हणतात, जितका कमी तितका ओव्हरलॅप जास्त.

हे हेलकावे कानाला गोड लागतात, पण ऑक्सिजन सेन्सरला नाहीत. न जळता गेलेल्या मिश्रणासोबत ऑक्सिजनही जातो. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो ईसीयूला आणखी सोडायला सांगतो. पीयूसी काढताना आयडललाच कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, आणि न जळलेलं पेट्रोल म्हणजेच हायड्रोकार्बन. मोठ्या ओव्हरलॅपची गाडी तिथे अडकते. शिवाय आयडल स्थिर ठेवायला ते चढवावं लागतं, आणि जाममध्ये उभ्या एअर-कूल्ड इंजिनाला चढवलेलं आयडल म्हणजे आणखी उष्णता. मुंबईत रोज चालणाऱ्या क्रूझरला कमी ओव्हरलॅपचाच कॅम घ्यावा, यावर मी ठाम आहे. आवाज सायलेन्सरमधून काय तो मिळवा, तोही कायद्याच्या मर्यादेत.

लिफ्टबद्दल थोडक्यात. लोबची उंची गुणिले रॉकरचं गुणोत्तर म्हणजे व्हॉल्व्हची लिफ्ट. व्हॉल्व्ह त्याच्या व्यासाच्या पाव भाग उचलला गेला की त्याच्याभोवतीची फट भोकाएवढी होते. ४४ मिमीच्या व्हॉल्व्हला ती वेळ ११ मिमीवर येते. त्यापुढे अडसर व्हॉल्व्हचा नाही, पोर्टचा, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटेचा. जास्त लिफ्टचा उपयोग एवढाच की व्हॉल्व्ह पूर्ण प्रवाहाच्या पट्ट्यात जास्त वेळ राहतो. पण लिफ्ट वाढली की स्प्रिंग जास्त दाबली जाते, तिच्या कड्या एकमेकींना टेकल्या तर काहीतरी मोडतंच, आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. मूळ स्प्रिंगवर चालणारे, हेड न खोलता बसणारे कॅम मिळतात. पहिल्यांदा करणाऱ्याने तेवढ्यावरच राहावं. त्यापुढे जायचं तर पिस्टनच्या डोक्यावर मातीचा पातळ थर लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं आणि व्हॉल्व्हचा ठसा किती खोल पडला, माती किती जाडीची उरली ते मोजायचं. सांगणारा मिस्त्री 'लागणार नाही हो' म्हणाला तरी माती लावाच.

बसवताना

इंजिनात कॅम किती, यावर खर्च ठरतो. १९९९ सालच्या मॉडेलांपासून आलेल्या ट्विन कॅममध्ये नावाप्रमाणे दोन. २०१७ च्या मॉडेलांपासूनच्या हार्लेच्या मिलवॉकी-एट इंजिनात एकच, तोच आठ व्हॉल्व्ह चालवतो. हार्लेच्याच जुन्या स्पोर्ट्स्टरमध्ये चार, प्रत्येक व्हॉल्व्हला एक. 'इंडियन' या अमेरिकन कंपनीच्या थंडर स्ट्रोक १११ मध्ये तीन. मिलवॉकी-एटसाठी हार्लेने स्वतःच दोन वेगळे कॅम काढले, एक 'टॉर्क' नावाचा आणि एक 'पॉवर' नावाचा. वर जे सांगितलं ते कंपनीनेच त्या दोन नावांत मांडलंय.

ट्विन कॅम उघडलंच आहे तर कॅम चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरची पट्टी बघा. सुरुवातीच्या ट्विन कॅम ८८ मध्ये स्प्रिंगने दाबणाऱ्या पट्ट्या झिजून त्यांचे तुकडे तेलात जायचे, आणि तेलपंपाचं नुकसान व्हायचं. पुढे हायड्रॉलिक टेन्शनर आले, तरी झीज तपासायला पाच मिनिटं लागतात. आतले बेअरिंग याच वेळी नवे घाला, टॅपेटही. ॲडजस्टेबल पुशरॉड घेतले तर रॉकर बॉक्स न खोलता काम होतं. जुने पुशरॉड कापून काढतात, म्हणून ते परत वापरता येत नाहीत हे लक्षात असू द्या.

कॅम बदलल्यावर ट्यूनिंग हा वेगळा, टाळता येईल असा खर्च समजू नका. नव्या कॅमवर सिलिंडरमध्ये कुठल्या आरपीएमला किती हवा जाते हेच बदललेलं असतं. कुठे किती पेट्रोल सोडायचं याचा जुना नकाशा ईसीयूमध्ये ठेवून गाडी चालवली तर काही ठिकाणी पेट्रोल कमी पडेल, आणि कमी पेट्रोलवर इंजिन तापतं. आता पंपावर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला तेवढ्याच हवेसाठी थोडं जास्त इंधन लागतं, तोही हिशोब ट्यूनिंग करणाऱ्याने धरला पाहिजे. तोच खर्च जमत नसेल तर कॅम सहा महिने पुढे ढकला.

मुंबईत लहान सिंगल सिलिंडर गाड्यांसाठी एक स्वस्त रस्ता सुचवला जातो, "तुमचाच कॅम घासून देतो." त्यात सहसा लोबच्या गोल भागावरून धातू काढतात, म्हणजे टोक तुलनेने उंच होतं. कॅमचा पृष्ठभाग कडक केलेला असतो, पण तो थर पातळ. घासताना तो गेला की खालचं मऊ लोखंड रॉकरखाली भराभर झिजतं. गोल भाग लहान झाल्याने टॅपेटची सेटिंग पुरी पडत नाही. काही इंजिनांच्या कॅमवरच स्टार्टिंग सोपं करणारा डिकम्प्रेसर असतो, त्याचं गणित बिघडतं. कॅम ग्राइंडिंगची मशीन, नव्याने कडक करायची सोय आणि मोजणी तिन्ही ज्यांच्याकडे असेल त्यांच्याकडून करून घ्या. नुसत्या लेथवर आणि अंदाजावर नको.

कायद्याचं: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलं. कॅमने सीसी बदलत नाही, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, वाढवला तर बदलते. धुराच्या आणि आवाजाच्या मर्यादा दोन्ही ठिकाणी लागू राहतात. वॉरंटीतल्या गाडीला हात लावू नका, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

भाच्याने शेवटी तिघांतला सगळ्यात लहान कॅम निवडला: इनलेट ३० अंशांच्या जवळ मिटणारा, ओव्हरलॅप कमी, मूळ स्प्रिंगवर चालणारा. त्याच्या आलेखाचं टोक मोठ्या कॅमपेक्षा बरंच खाली आहे, पण दोन हजार ते साडेतीन हजारांत त्याची रेघ बाकी दोघांच्या वर चालते. पावसाळा संपला की काम काढायचं ठरलंय. त्याआधी येत्या रविवारी दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून वहीत लिहून ठेवणार आहोत, म्हणजे नंतर ताडून बघता येईल. जुने कॅम मात्र ग्रीस लावून, तेलाच्या कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवायचे असं मी त्याला बजावलंय. गाडी विकायची वेळ आली तर नवा मालक ते आधी मागेल.